वरची बिजागरी

मनकर्णानं दाराचा पल्ला दोन्ही हातांनी उचलून सोडला. तो पुन्हा उंबरठ्यावर टेकला.

"थांब," रघुनाथराव म्हणाले. "आधी नावं सांग. ही वरची आडवी?"

"गणेशपट्टी."

"या दोन उभ्या?"

"बाह्या, मास्तरजी."

"आणि हा?"

"कोयंडा. यात कडी अडकते. तुमची नाई अडकत."

पांढुर्ण्यात मुलींच्या नव्या शाळेची सहा दारं करायची होती आणि कमिटीत रघुनाथरावांचा शब्द शेवटचा. कवडू सुतार वारल्यावर त्याची हत्यारं बायकोनं, मनकर्णानं, हाती घेतली होती. हे काम मिळालं नाही तर ती विकावी लागणार होती. बाईच्या हातात रंधा रघुनाथरावांना पटत नव्हता. तसं तोंडावर म्हणणं शोभत नव्हतं, म्हणून ही परीक्षा. नागपूर मुंबई राज्यात गेलं, पांढुर्णा इकडे मध्य प्रदेशातच राहिलं, तेव्हापासून त्यांनी दाराच्या प्रत्येक भागाचं हिंदी नावही पाठ केलं होतं. त्यांच्या स्वतःच्या घराचं हे दार मात्र दीड वर्षात एकदाही नीट लागलं नव्हतं. रोज रात्री त्यांच्या पत्नी अंबाबाई त्याला आतून स्वयंपाकघरातला दगडी पाटा लावत; दिवसाही तो दाराजवळच पडून असे.

तीन सुतारांनी पल्ला खालून रंधून पैसे नेले होते. मनकर्णानं रंधा पिशवीतून काढलाच नाही. स्टूल मागितलं.

"घासून राह्यलं खाली," रघुनाथराव हसले, "अन् तू वर काय पाहून राह्यली?"

"वरची बिजागरी. पेच फिरवून नाई बसवले, हातोडीनं ठोकले. लाकडानं सोडून देल्लं त्याईले. पल्ला लोंबला."

तिनं भोकांत सागाच्या खुंट्या ठोकल्या आणि पेच एकेक करून फिरवत बसवले.

"मास्तरजी, बाहेरून पाहा बरं, सरळ दिसते का."

रघुनाथराव ओसरीवर गेले. पल्ला आवाज न करता मिटला. आत कडी कोयंड्यात बसली.

"ठीक आहे. उघड आता."

कोणी उघडलं नाही. रस्त्यानं जाणारा शेजारचा रामाजी थांबून बघू लागला.

"अगं, उघड." रघुनाथरावांनी दार ठोठावलं.

"दीड वर्षानं लागलं," आतून अंबाबाई म्हणाल्या. "जरा पाहू तर द्या. शाळेची दारं कोणाले देली म्हणता?"

रघुनाथरावांनी टोपी सारखी केली.

"मनकर्णाले."

"रामाजीले ऐकू नसन गेलं."

ते मोठ्यानं म्हणाले. रामाजीनं मान डोलावली.

तरी कडी लगेच निघाली नाही. आधी आत जड काहीतरी सरकल्याचा आवाज आला. दारापासून निघाला तो थेट स्वयंपाकघरापर्यंत गेला.