आखाजीला सासरी गेलेल्या कढया

लोखंडी कढईत रांधलं की बाईचं रक्त वाढतं, हे आमच्या घरात कुणी तपासलं नव्हतं, नुसतं मानलं होतं. अब्बांचं देवपुरात भांड्यांचं दुकान. त्यामुळे धुळ्याच्या एका संस्थेनं हेच तपासायला घेतलं आणि मला त्या कामावर ठेवलं, तेव्हा मी आधीपासूनच कढईच्या बाजूची होते.

मार्चअखेर सोनगीरजवळच्या एका गावात घरोघरी कढई दिली, शेजारच्या गावात दिली नाही. दोन्हीकडच्या बायकांचं रक्त तेव्हा तपासलं आणि जूनमध्ये पुन्हा. दोन्ही गावं सारखीच फिकट निघाली. कढईवाल्या गावात तीन-चार जणींचं वाढलं होतं, पण तेवढं एरवीही होतं, असं आमच्या पुनम डॉक्टर म्हणाल्या. कढईत भाजी काळी पडते, घरच्यांनी नाकं मुरडली असतील आणि कढया माळ्यावर गेल्या असतील, असा त्यांचा अंदाज. पुढच्या आठवड्यात बैठक होती. तिथं काम बंद झालं असतं आणि बाकीच्या गावांना कढई मिळालीच नसती.

माझं डोकं फिरलं. सगळ्यात जास्त राग भिकुबाईचा आला. चाळिशीतली बाई, चाऱ्याचा भारा आणताना वाटेत बसून घेते, बोलताना धाप लागते. तिनंच सगळ्यांआधी कढई चुलीवर चढवली होती, आणि तिचंच रक्त आणखी खाली गेलेलं. मी तणतणत तिच्या घरी गेले. चुलीवर ॲल्युमिनियमचं पातेलं.

कढई कुठं आहे म्हणून विचारलं, तर ती म्हणाली, "दिपमाला लई गई."

दिपमाला तिची लेक, वरणगावला दिलेली, पोटुशी. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, माहेरी आली होती.

"आखाजीले उनेल पोर रित्या हाते कशी धाडू? घरमा नवं भांडं व्हतं ते तेच एक."

ती कढई तुझ्या रक्तासाठी होती, असं मी तिला चांगलं सुनावलं. तिनं ऐकून घेतलं आणि चहा ठेवला. मग मी गल्लीत घरोघरी फिरले. जिथं तिथं एकच गत. आखाजीला लेकी आल्या, झोके खेळल्या, आणि जाताना कढया घेऊन गेल्या. फक्त वच्छलाबाईच्या चुलीवर कढई होती. बिचारी कष्टी होऊन म्हणाली, मला सगळे मुलगेच, मी कुणाला देऊ?

मी तिच्या ओट्यावरच बसले. रक्त वाढलेल्या त्या तीन-चार जणींमध्ये वच्छलाबाई होती. बाकीच्यांकडे जाऊन पाहिलं, तर त्यांच्याही घरी सासरी गेलेली लेक नव्हती.

डॉक्टरांना फोन केला. त्या आधी पोटभर हसल्या, आणि नंतर म्हणाल्या की याला पुरावा म्हणत नाहीत. तरी दुसऱ्या दिवशी माझ्याबरोबर वरणगावला आल्या. रक्त असंच राहिलं तर बाळंतपणात बाहेरून द्यावं लागेल, असं दिपमालाला उन्हाळ्याच्या तोंडाला दवाखान्यात सांगितलं होतं. गोळ्यांनी मळमळायचं म्हणून तिनं त्याही सोडलेल्या. त्यावरून डॉक्टर तिला खूप बोलल्या. मग बोट टोचलं. आकड्यावर विश्वास बसेना, म्हणून पुन्हा टोचलं. रक्त खरंच वाढलं होतं. मला तिथंच रडू आलं.

बैठकीत डॉक्टर म्हणाल्या, "आपण कढई तपासायला गेलो आणि आखाजी विसरलो." काम चालू राहिलं. दिवाळीनंतर तपासणी नव्यानं करायची, आणि सासरी लेक असलेल्या घरी दोन कढया द्यायच्या असं ठरलं.

भिकुबाईला सांगायला आम्ही दोघी गेलो. लेकीचं रक्त वाढलं हे तिनं मला पुन्हा सांगायला लावलं आणि पदरानं डोळे टिपले. तुलाही मिळेल, पण दिवाळीनंतर, असं मी म्हटलं. वाटलं, नेहमीसारखी मान हलवेल. या बाईनं आजवर कुणाकडं काही मागितलेलं मी पाहिलं नव्हतं.

"दिवाळी लगून नही," ती म्हणाली. "माले आजच दे. नातूले खेळाडाले मी बी जित्ती ऱ्हायनी पाहिजे."

तसं केलं तर तिला नव्या तपासणीत धरता येणार नव्हतं. मी डॉक्टरांकडे पाहिलं. त्या उठल्या आणि बैठकीत दाखवायला नेलेली कढई गाडीतून घेऊन आल्या.