सातव्या गल्लीचं ‘आपण’

शुक्रवारी सकाळी साडेआठ वाजता फूंग अंकलच्या एकवीस नंबरच्या अंगणात एक गाडी होती, प्लास्टिकच्या तीन खुर्च्या होत्या आणि अकरा कुंड्या होत्या. कंबरेएवढ्या चौथऱ्यावर दातुक कोंगचं, म्हणजे जमिनीच्या राखणदाराचं, लाल रंगाचं छोटं देऊळ होतं. देवळात काळ्या कॉफीचे तीन पेले, विड्याची चार पानं आणि पिवळ्या शेवंतीच्या दोन फुलदाण्या. देवळाशेजारी घडीचं टेबल, टेबलावर एक कागद. गल्लीत घरं अठ्ठावीस, कागदावर सह्या तेवीस. चोविसाव्या सहीसाठी फूंग अंकल पेनाचं टोपण काढून बसले होते.

मलेशियातल्या इपोह शहराच्या कडेला असलेल्या या वसाहतीत फूंग अंकलना सगळे ओळखत ते त्यांच्या मतांमुळे. रोज सकाळी पावणेसातला, दात घासायच्याही आधी, ते गल्लीच्या व्हॉट्सॲप गटावर एक मजकूर टाकत. वर मथळा ठरलेला : ‘एका साध्या मलेशियनचं मत’. त्याखाली क्रमांक. निवडून आल्यावर पक्ष बदलणारे पुढारी, कॉफीच्या दुकानात एका टेबलावर चार फोनमध्ये माना घालून बसलेलं चौघांचं कुटुंब, तीनदा बुजवून चौथ्यांदा उघडलेला तोच खड्डा. मतं सहसा शहाणी असत. लांब असत, पण शहाणी.

चारशे बारावं मत मात्र रागाच्या भरात लिहिलं होतं. अकरा दिवसांत गल्लीत तिघांना डेंग्यू झाला. आधी बारा नंबरमधल्या शाळकरी मुलीला, मग एकोणीस नंबरमधल्या एका कामगाराला, आणि मग अंकलच्या बायकोला, स्यू-लानला. ती सहा दिवस इस्पितळात होती, परवाच घरी आली. ते सहा दिवस अंकल घरी जेमतेम एक फेरी मारत, बाकी वेळ तिच्या खाटेशेजारी खुर्चीत बसत आणि दर सकाळी रक्तातल्या प्लेटलेटचा आकडा खाली गेलेला ऐकत. माणसाला अशा वेळी कुणालातरी दोष द्यायचा असतो. तुम्हालाही कधीतरी द्यावासा वाटला असेल.

अंकलनी तो एकोणीस नंबरला दिला. त्या घरात लाकडी सामानाच्या कारखान्यातले सहा नेपाळी कामगार भाड्याने राहत. ‘एका घरात सहा जण कोंबले की घाण होणार, घाण झाली की डास होणार,’ असं त्यांनी लिहिलं. एकतीस अंगठे मिळाले. त्यावरूनच कागद तयार झाला : या सहा जणांना महिनाअखेर घराबाहेर काढावं. घरमालक क्वालालंपूरला. तो फोनवर म्हणाला होता, “अंकल, चिगू सादियांची सही असेल तर मी दुसरं काही विचारणार नाही. त्यांनी मला चौथीत शिकवलंय.”

म्हणून पेन उघडं होतं.

पण चिगूंच्या आधी एकोणीस नंबरमधला डंबर राई आला. रात्रपाळी संपवून, अंगावर लाकडाचा भुसा तसाच. फाटकाशी थांबून त्याने विचारलं, “अंकल, आंटींना ताप नाही ना आता?”

“बरी आहे.” अंकलनी कोपर कागदावर ठेवलं.

“झाकू नका अंकल. काल आठ नंबरच्या आजींनी वाचून दाखवला मला.” डंबर आवाज न चढवता म्हणाला. “महिनाअखेर म्हणजे नऊ दिवस. गंजमानचा डेंग्यू उतरला, पण अजून त्याला भिंत धरून चालावं लागतं. नऊ दिवसांत दुसरं घर मिळणार नाही. साहेब म्हणतात, तोवर कारखान्यामागच्या पत्र्याच्या कंटेनरमध्ये झोपा. तिथे तो बरा व्हायचा नाही.”

“हे मला सांगून काय उपयोग? गल्लीचा निर्णय आहे.”

“गल्ली,” डंबर म्हणाला. मग तो आपल्या दाराकडे गेला.

चिगू सादिया पावणेनऊला आल्या. शाळा सोडून अकरा वर्षं झाली, तरी सगळी गल्ली त्यांना ‘चिगू’च म्हणे, म्हणजे बाई. वय एकाहत्तर, चष्मा दोरीला आणि हातात लाल पेन. रोजच्या मताचं मलाय व्याकरणही त्याच तपासत आणि चुका गटावर सर्वांसमक्ष दाखवत.

“सही हवी ना? आधी वाचू दे.”

“चिगू, आज व्याकरण नको. फक्त सही.”

“चुकीच्या वाक्याखाली मी सही केली तर माझे विद्यार्थी हसतील.” त्या खुर्चीत बसल्या आणि पहिल्याच शब्दावर पेन टेकवलं. “हे काय लिहिलंयस? ‘किता’?”

“बरोबर आहे की. ‘आपण सातव्या गल्लीतले रहिवासी.’”

“अरे फूंग, ‘किता’ म्हणजे आपण. ‘कामी’ म्हणजे आम्ही. ‘आपण’ म्हटलं की समोरचाही आत आला. या पत्राची एक प्रत त्या मुलांना देणार ना?”

“द्यावीच लागेल.”

“मग त्यांनी वाचायचं काय? ‘आपण सर्व रहिवासी मिळून मागणी करतो की आपल्याला घराबाहेर काढावं.’”

आतून स्यू-लानचं हसू ऐकू आलं. सहा दिवस इस्पितळ आणि दोन दिवस घर, एवढ्यात पहिल्यांदाच.

“बोलताना सगळेच ‘किता’ म्हणतात,” अंकल कुरकुरले. “बाजारात कोण एवढा फरक करतं?”

“कोणी नाही करत. म्हणून तर तुझ्या नकळत तुझ्या हाताने बरोबर लिहिलं.” चिगूंनी पेन पुढे केलं. “हं. खोड आणि ‘आम्ही’ लिही. पण त्याआधी मला सांग, तुझ्या ‘आम्ही’त कोण कोण आहे?”

“जे इथले आहेत ते.”

“तुझे आजोबा आले तेव्हा ते इथले होते?”

अंकलनी नजर देवळाकडे वळवली. ही गोष्ट त्यांनी स्वतःच सांगितलेली होती, सातव्या, एकशे चाळिसाव्या आणि तीनशे एकाव्या मतात. आजोबा चीनहून कथिलाच्या खाणीत आले तेव्हा चाळीस जण एका पत्र्याच्या छपराखाली झोपत. आल्यावर पहिलं काम त्यांनी केलं ते असंच देऊळ मांडण्याचं. जमिनीचा राखणदार मलाय म्हणून मूर्तीच्या डोक्यावर काळी मलाय टोपी, आणि मुसलमान असल्याने त्याला चालत नाही म्हणून नैवेद्यात डुकराचं मांस नाही. आम्ही पाहुणे, आम्हाला राहू दे, एवढंच मागणं.

“ती गोष्ट वेगळी,” अंकल शेवटी म्हणाले. “माझ्या आजोबांनी कुणाला डेंग्यू दिला नाही. तो आला एकोणीस नंबरमधून.”

“मोजलंस?”

“काय मोजायचंय? दिसतंय!”

“दिसतंय की वाटतंय?”

याचं उत्तर द्यायची वेळ आली नाही, कारण फाटकाशी तेन्मोळी उभी होती. जिल्हा आरोग्य कार्यालयातली ही मुलगी कीटकशास्त्र शिकून आली होती. तिच्या पिशवीत विजेरी, पांढरा ट्रे, रबरी फुग्याची काचनळी आणि झाकणाच्या बाटल्या. तीन रुग्ण नोंदले गेले, म्हणून आज गल्लीतलं प्रत्येक घर तपासायचं होतं.

“वेळेवर आलीस पोरी,” चिगू म्हणाल्या. “फूंग, आपण एक करू. हिची मोजणी होऊ दे. एकोणीस नंबर सर्वांत वाईट निघालं, तर मी सही करीन. ‘आम्ही’ लिहून करीन.”

“कबूल!” अंकल उठलेच. “एकोणीसपासून सुरू कर. मी येतो बरोबर. मला डोळ्यांनी बघायचंय.”

एकोणीस नंबरमध्ये सहा गाद्या भिंतीला उभ्या होत्या. न्हाणीघरात चार बादल्या, चारही उपड्या. मागच्या परसात पपईचं झाड, त्याखाली एक जुना डबा. डब्याच्या बुडाला खिळ्याने भोकं पाडलेली. तेन्मोळीने फ्रीजमागचा पाण्याचा ट्रे ओढून पाहिला. कोरडा.

“हा ट्रे कुणी सांगितला तुम्हाला?” तिने विचारलं.

“यूट्यूबने,” डंबर म्हणाला. “गंजमान पडला त्या दिवशी बघितलं. आम्हा सहा जणांपैकी एक पडला की बाकी पाच जण त्याची पाळी वाटून घेतो. दुसरा पडला तर कोण करणार?”

“गटार बघ,” अंकल म्हणाले. “गटारात असणार.”

“अंकल, हा डास गटारातला नाही. याला स्वच्छ पाणी आवडतं. तुमच्या-माझ्या घरातलं.” तरीही तिने गटार पाहिलं आणि वहीत लिहिलं : एकोणीस, शून्य.

मग ती पुढे गेली. पाच नंबरमध्ये जुन्या टायरात बारा अळ्या मिळाल्या. त्या घरातली सही कागदावर तिसरी होती. नऊ नंबरच्या पन्हळीत आठ. बाकी बहुतेक घरं स्वच्छ. अकरा वाजले तेव्हा एकवीस नंबर तेवढं उरलं होतं. अंकल निर्धास्त होते. प्रत्येक कुंडीखालच्या बशीत त्यांनी स्वतः वाळू भरली होती. तेन्मोळीने अकराही पाहिल्या आणि “छान” म्हणाली. मग तिने विजेरी देवळात धरली.

“अंकल, फुलदाणी उचलू का? पाया पडून उचलते.”

“उचल की. त्यात रोज ताजं पाणी घालतो मी. स्यू-लानचे गुडघे दुखायला लागल्यापासून देवाचं मीच बघतो.”

तिने शेवंती बाजूला ठेवली आणि पाणी पांढऱ्या ट्रेमध्ये ओतलं.

पाणी हललं. थांबलं. तरीही त्यातलं काहीतरी हलतच राहिलं. स्वल्पविरामाएवढे करडे जीव, डोकं खाली करून लोंबकळणारे, उजेड पडताच वळवळत तळाशी जाणारे. तेन्मोळी काचनळीने एकेक उचलून मोजू लागली. अंकल आणि चिगू तिच्याबरोबर ओठांतल्या ओठांत मोजत होते.

“एकोणतीस अळ्या. चार कोष.”

“अशक्य!” अंकल ओरडले. “मी रोज पाणी घालतो! एक दिवस चुकवलेला नाही!”

“घालता. पण आधीचं फेकता का?”

अंकल फेकत नव्हते. पाणी कमी दिसलं की ते वरून भरत. फुलं सुकली की नवी फुलं त्याच पाण्यात ठेवत. देवाचं पाणी फेकायचं कसं, असंही कुठेतरी मनात होतं. स्यू-लान आधीचं पाणी झाडाला घालायची. तेवढं त्यांनी पाहिलं नव्हतं.

“म्हणजे तिला... माझ्यामुळे?”

“ते मी सांगू शकत नाही,” तेन्मोळी म्हणाली. “कुणाला कोणता डास चावला ते या ट्रेवरून कळत नाही. अंडं घातल्यापासून आठ-दहा दिवसांत डास उडतो, शे-दोनशे मीटर फिरतो, दिवसा चावतो. तुमच्या आणि एकोणीस नंबरच्या मध्ये साडेपाच फुटांची भिंत आहे. एवढंच सांगू शकते.”

तिने सूचनेचा कागद फाडून दिला. अंकलनी तो दोन्ही हातांनी घेतला.  चिगूंनी लाल पेनाचं टोपण लावून ते पर्समध्ये टाकलं.

स्यू-लान दाराला धरून उभी होती. “ए म्हाताऱ्या, आता तरी ऐक. मी इस्पितळात असताना तू मला जो कडू रस पाजत होतास, पपईच्या पानांचा, ती पानं कुठून यायची?”

“फाटकाला पिशवीत लटकलेली असायची. चिगू ठेवायच्या.”

“माझ्याकडे पपई नाही,” चिगू म्हणाल्या.

रस औषधी होता की नव्हता, हे तेन्मोळीने सांगितलं नाही, कारण तिला कुणी विचारलंच नाही. अंकल भिंतीपलीकडच्या झाडाकडे बघत होते. पपईचं झाड त्यांनी आज सकाळीच जवळून पाहिलं होतं, आणि त्याखालचा डबा तेवढा तपासला होता.

त्यांनी टेबलावरचा कागद उचलला, उभा फाडला, मग आडवा. तेवीस सह्यांचे चार तुकडे झाले. घरमालकाला फोन करून ते म्हणाले, “पत्र येणार नाही. चूक होती. नाही, व्याकरणाची नाही.”

मग त्यांनी एकोणीस नंबरचं दार वाजवलं. डंबर उघड्या अंगाने, झोपेतून उठून आला.

“परवा रविवारी सकाळी गल्ली साफ करू,” अंकल म्हणाले. “टायर, पन्हळी, सगळं. शिडी मी आणतो. पण मला चढवत नाही.”

“गल्लीचा निर्णय आहे?” डंबरने विचारलं.

अंकलनी मान खाली घातली. “नाही. माझी विनंती आहे. आणि... माफ कर मला.”

डंबरने डोळे चोळले. “शिडी पक्की आहे ना अंकल? तुमच्या मतांसारखी लांब आणि हलणारी नको.”

शनिवारी सकाळी पावणेसातला चारशे तेरावं मत आलं.

‘एका साध्या मलेशियनचं मत. काल आपल्या गल्लीत सर्वांत जास्त अळ्या माझ्या घरी सापडल्या, आणि सर्वांत जास्त बोललो होतो तेही मीच. एकोणीस नंबरमध्ये एकही नव्हती. मी चारशे बारा वेळा देशाकडे बोट दाखवलं, पण स्वतःच्या फुलदाणीत एकदाही डोकावलो नाही. कुणाला बाहेर काढायचं ठरवण्याआधी माणसाने आपल्या घरातलं साचलेलं पाणी ओतून बघावं, आणि डोक्यातलंही. वरून ताजं ओतत राहिलं म्हणजे जुनं जात नाही. उद्या आठ वाजता आपण सर्वांनी झाडू घेऊन यावं. आपण म्हणजे अठ्ठावीस घरं. चिगू, शब्द तपासून घ्या.’

दोन मिनिटांनी चिगूंचं उत्तर आलं : ‘चूक नाही.’

रविवारी एकेचाळीस माणसं आली. शिडीवर डंबर चढला, खालून अंकलनी ती दोन्ही हातांनी धरली. गंजमान खुर्चीत बसून कुणी कुठे काय टाकायचं ते ओरडून सांगत होता, आणि स्यू-लान त्याच्याशेजारी बसून तेच अधिक मोठ्याने सांगत होती.

पुढच्या शुक्रवारी तेन्मोळीने पुन्हा अठ्ठावीस घरं तपासली. नऊ नंबर, पन्हळ : दोन अळ्या. पाच नंबर : शून्य. एकवीस नंबर, दोन फुलदाण्या : शून्य. एकोणीस नंबर : शून्य. राहणारी माणसं : सहा.