टाकीतली दुसरी काच

माशांचे फोटो काढणं म्हणजे शुद्ध वैताग. माणसाला "जरा इकडे बघा" म्हणता येतं, माशाला काय म्हणणार? तो आपल्याकडे शेपूट करतो आणि टाकीच्या मागच्या कोपऱ्यात जाऊन बसतो, जशी काही टाकी त्याच्या बापाने विकत घेतलीय. भावाच्या शोभेच्या माशांच्या दुकानात फोटोताईने उमेदीची वर्षं याच वैतागात घालवली होती. फोटोताई हे नाव गिऱ्हाइकांनी पाडलेलं. दुकानाच्या माहितीपत्रकातला झाडून सगळे मासे तिने टिपलेले, पण तिचं नाव त्यात कुठेही नव्हतं.

माशाला जागेवर ठेवायची दुकानात एक युक्ती होती. टाकीच्या दर्शनी काचेमागे चार बोटं सोडून आणखी एक काच उभी करायची, आणि मासा त्या दोन काचांमधल्या चिंचोळ्या जागेत सोडायचा. मग बेटा पळतो कुठे? कॅमेऱ्यासमोरच राहतो, आणि फोटोही स्पष्ट येतो. फक्त ती मागची काच दिसता कामा नये. ते काम वहिनीचं. व्हिनेगर आणि जुनं वर्तमानपत्र घेऊन ती काच अशी पुसायची की एकदा भाऊच काचेवर नाक आपटून बसला होता.

आता मात्र फोटोताईचं नशीब उघडायच्या बेतात होतं. पक्ष्यांवर जाडजूड पुस्तक काढणाऱ्या एका प्रकाशकाने तिने हौसेने काढलेले खंड्याचे फोटो पाहिले होते. "चांगले आहेत," ते म्हणाले, "पण मुखपृष्ठासाठी मला पाण्यात शिरणारा खंड्या हवा. चेहरा समोर. त्याच फोटोत खाली मासा. दोघांचेही डोळे लख्ख दिसले पाहिजेत. असा आणलात तर मुखपृष्ठ तुमचं, आणि नावही ठळक." त्या दिवसापासून बाईंना जेवण गोड लागेना.

घरामागच्या ओढ्यात तिने दुकानातली एक टाकी रोवली. तिच्यात छोटे रुपेरी मासे सोडले, मागच्या बाजूला एक फांदी खोचली, समोर कापडाचा आडोसा उभा केला. खंड्याला टाकीचा पत्ता लागायला वेळ लागला नाही. फुकटचं कोणाला नको असतं! फांदीवरून सूर मारायचा, मासा उचलायचा, पसार. पण फोटो? पक्षी स्पष्ट आला की मासा धूसर, मासा स्पष्ट आला की पक्षी नुसता निळा फराटा.

"मग काच घालू या ना आत," काल संध्याकाळी चहा पिता पिता फोटोताई म्हणाली. "दुकानात घालतो तशी."

"अगं बाई! इतके दिवस सुचलं कसं नाही?" वहिनीने कपाळावर हात मारला आणि लगेच काच पुसायला घेतली. पुसताना तिची चेष्टा चालूच होती. "मुखपृष्ठ झालं की ओळख ठेवा हो वन्सं. नाहीतर म्हणाल, कोण ही काचपुशी?"

सकाळी दोघी आडोशात दाटीवाटीने बसल्या. मधली काच बरोबर पाण्याच्या पातळीला बसली होती. कड दिसत नव्हती, काहीच दिसत नव्हतं. पुढच्या पट्टीत मासे छान रांगेत फिरत होते. फोटोताई मनातून भलतीच खूश होती.

"एक सांगू?" वहिनी कुजबुजली. "काल खंड्या मासा नेताना माशाचं डोकं बाहेरच्या बाजूला होतं. स्वतःला खायचा असला तर डोकं आत धरतात. याची पिल्लं आहेत कुठेतरी, काठावरच्या बिळात."

"असू देत. शू!"

खंड्या आला. फांदीवर बसला, मान खाली घालून नेम धरला. फोटोताईचा डोळा कॅमेऱ्याला, बोट बटणावर. त्याने सूर मारला, कॅमेरा कडकड वाजत सुटला, आणि त्या कडकडाटातही दुसरा एक आवाज दोघींना ऐकू आला. टक्. कोणी टिचकी मारावी एवढाच.

"वर का येत नाही गं तो?" वहिनीने विचारलं.

 फोटोताईला दिसत होतं, पण डोक्यात शिरत नव्हतं. पाण्यावर निळं काहीतरी पसरलं होतं आणि संथपणे गोल फिरत होतं. खाली मासे तसेच रांगेत फिरत होते, त्यांना कसलाच पत्ता नव्हता.

वहिनीचा हात तोंडावर गेला. "काच," ती म्हणाली. "अगं, काच! तो मागून येतो ना!"

मागून येतो. फांदी फोटोताईनेच मागे खोचली होती, चेहरा समोर हवा म्हणून. त्याला मासा दिसत होता, मधली काच दिसत नव्हती. इतकी वर्षं काच माशांना अडवते एवढंच दोघींना ठाऊक; ती आणखी कोणाला अडवेल हे दोघींपैकी एकीच्याही डोक्यात आलं नव्हतं. 

वहिनीच ओढ्यात उतरली आणि त्याला उचलून आडोशात घेऊन आली. तिच्या ओंजळीत तो मावून जागा उरत होती. अजून ऊन होता.

"भोवंडलाय नुसता," फोटोताई घाईघाईने म्हणाली. "उठेल. जरा वारा लागू दे."

वहिनीने ओंजळ किंचित कलती केली. मान दोरी तुटल्यासारखी लोंबली. "गेला गं," ती म्हणाली आणि रडायलाच लागली. "मीच पुसली ना ती काच. मरेस्तोवर पुसली."

फोटोताईला रडू येत नव्हतं.  काहीतरी करायचं म्हणून तिने कॅमेऱ्यातला फोटो लावला.  सगळं होतं त्यात. चेहरा समोर, पसरलेले पंख, पाण्याचा फुटू लागलेला पापुद्रा, खाली लख्ख मासा. तिने खंड्याचा डोळा मोठा करून पाहिला. पुन्हा पाहिला.

तेवढ्यात ओढ्यावरून बारीक शीळ आली. दुसरा खंड्या फांदीवर येऊन बसला. चोचीचा खालचा भाग तांबडा.

"मादी आहे," वहिनी दबक्या आवाजात म्हणाली. "देवा, पिल्लांची आई! टाकी तशीच आहे गं. हाकल तिला, लवकर हाकल!"

"हलू नकोस," फोटोताई म्हणाली.

वहिनीला वाटलं, हिला काही युक्ती सुचली असेल. ती क्षणभर थांबलीही. मादीने मान खाली घातली, नेम धरला. मग वहिनीला कॅमेऱ्याचा तो हलका टीक् ऐकू आला, फोटोची तयारी झाल्याचा, आणि तिने वळून नणंदेकडे पाहिलं. नणंदेचा डोळा कॅमेऱ्याला लागलेला होता.

वहिनी किंचाळतच उठली. मेलेला पक्षी एका हाताने छातीशी धरून, आडोशाचं कापड फाडत ती पाण्यात धावली आणि सगळं बळ लावून तिने टाकीला लाथ मारली. टाकी आडवी झाली, मासे ओढ्याला लागले. मादी कर्कश ओरडत काठाकडे उडून गेली.

वहिनी गुडघाभर पाण्यात धापा टाकत उभी होती. "हलू नकोस म्हणालीस तू मला," ती म्हणाली. "का म्हणालीस?"

घाबरून म्हणाले, असं सांगता आलं असतं. वहिनीने ते मानलंही असतं. तिला ते मानायचंच होतं.

"पहिल्या फोटोत त्याचा डोळा मिटलाय गं," फोटोताई म्हणाली.

बोलून झाल्यावर तिला स्वतःचा आवाज ऐकू आला. तिने पटकन तोंड दाबून धरलं.  वहिनी पाण्यातून बाहेर आली, पण आडोशाकडे आली नाही. लांबून वळसा घालून, पक्षी तसाच छातीशी धरून घराकडे चालू लागली.