एका घरातली एकच
माझी नणंद खोटं बोलत नाही, अशी तिची ख्याती. चष्म्याच्या दुकानात ती काचा घासते आणि गिऱ्हाईक कितीही नटूनथटून आलेलं असो, "ही फ्रेम तुम्हाला शोभत नाही" असं तोंडावर सांगते. त्यामुळे तिनं मला सैन्याच्या राखीव दलात ये म्हटलं, तेव्हा शंका घ्यायला मला काही जागाच नव्हती. मी शाळेची बस चालवते. समोरून कोण येतंय यावर माझी नजर असते; शेजारी बसलेल्याकडे मी कधी बघत नाही.

ताई म्हणजे माझ्या नवऱ्याची थोरली बहीण. लग्न केलं नाही, आमच्यातच राहते. कितीतरी वर्षं ती राखीव दलात होती. महिन्यातून एक शनिवार-रविवार कडक इस्त्रीचा गणवेश चढवून जायची आणि सोमवारी पुन्हा काचा घासायला हजर. गल्लीत तिचा काय रुबाब होता! मला त्या रुबाबाचा हेवा वाटायचा, आणि तिला ते ठाऊक होतं.

"तू ये गं," ती एकदा भाजी चिरताना म्हणाली. "सुरुवातीला सहा आठवडे छावणीत राहावं लागतं. पळवतील, ओरडतील, चादरीला एक सुरकुती दिसली की सगळं अंथरूण उपसून टाकतील. रायफल खोलायची, पुसायची, डोळे मिटून जोडायची. एकदा अश्रुधुराच्या खोलीत तोंडावरचा मुखवटा काढायला लावतात. नाक-डोळे गळतात, पण कोणी मरत नाही. मग महिन्याला दोन दिवस. संपलं."

"आणि लांब कुठे पाठवलं तर?"

"मला पाठवलंय का कुणी इतक्या वर्षांत?"

बघा, यातही खोटं काही नव्हतं.

मुलगी तेव्हा नुकती धरून धरून चालायला लागली होती. तिचं काय, असं मी विचारायच्या आत ताई म्हणाली, "ती माझ्याकडे. तू काळजीच सोड." नवऱ्याला विचारलं. तो छापखान्यात पुस्तकांची बांधणी करतो आणि घरात फार बोलत नाही. "ताई म्हणते तर जा," एवढंच म्हणाला.

मग ताईनं मला घडवायला घेतलं. नवे बूट पाण्यात भिजवून पायात चढवायला लावले आणि ते पायावर वाळेपर्यंत गल्लीत फेऱ्या मारायला लावल्या. त्यामुळे छावणीत बाकीच्यांच्या टाचा सोलवटल्या तेव्हा माझ्या टाचा शाबूत होत्या. पाठपिशवीत वाळू भरून ती मला जिने चढायला लावायची आणि स्वतः मुलीला कडेवर घेऊन खाली उभी राहायची. "बघ, आई कशी चढते," असं तिला सांगायची. माझ्या सख्ख्या बहिणीनं माझं एवढं केलं नसतं. मी दहा जणींना हे सांगत फिरले.

छावणीत सगळं अगदी तिनं सांगितलं तसंच निघालं. धुराच्या खोलीतून मी नाक पुसत, हसत बाहेर आले. आमच्या तुकडीतला एक आचारी, त्याला सगळे ढोल्या म्हणायचे, तो बिचारा भिंत धरून ओकत होता. मी त्याच्या पाठीवर थोपटलं आणि तेव्हापासून तो माझा दोस्त झाला.

घरी परतले तर मुलगी मला बघून ताईच्या पायामागे लपली. "विसरली वाटतं तुला," ताई म्हणाली. "होईल हळूहळू सवय." मी हसले. नंतर न्हाणीघरात जाऊन रडले, पण तेव्हा हसले.

पुढच्या वर्षी वार्षिक परीक्षा झाली. धावणं, ओझं घेऊन चालणं आणि नेमबाजी. चालताना शेवटच्या चढावर ताई मागे पडली आणि मी तिच्या पुढे गेले. नेमबाजीत तर कहरच झाला. जिच्या हातून काचेवरचा केसाएवढा ओरखडा सुटत नाही, तिच्या गोळ्या निशाणाच्या पाटीच्या कडेला लागल्या. निकाल लागला, मी वर, ती खाली. तिनं मला सगळ्यांसमोर मिठी मारली. "माझ्या शिष्येनं मला हरवलं," म्हणाली. आठवडाभर बसमध्ये मी शिट्ट्या वाजवत गाडी चालवली. मूर्ख कुठली!

मग एका रविवारी कॅप्टननी सगळ्यांना सभागृहात बसवलं. सीमेवरच्या ठाण्यावर माणसं हवीत, मुक्काम नऊ महिने. "नियम तुम्हाला माहीत आहे," ते म्हणाले. "एका घरातून एकच जाईल. दोघं असतील तर परीक्षेत ज्याचे गुण जास्त, तो." आणि त्यांनी माझं नाव वाचलं.

मला तो नियम माहीत नव्हता. ढोल्या शेजारी बसला होता. "असं काय करतेस?" तो कुजबुजला. "तुझ्या नणंदेनं तर तू भरती व्हायच्या आधीच कचेरीत विचारलं होतं, भावजय घरातली धरतात का म्हणून. मी तेव्हा नुसता कचेरीचा आचारी होतो, चहा घेऊन गेलो होतो. तेव्हापासूनच सीमेवरची कुणकुण होती ना."

मी वळून पाहिलं. ताई स्वतःच्या बुटांकडे बघत होती.

घरी आलो. स्वयंपाकघरात शिरल्यावर विचारलं, "नेम मुद्दाम चुकवलात?"

"हो."

"आणि चढावर?"

"तिथंही." ती खुर्चीवर बसली. "मला भीती वाटते गं. गणवेश घालून फिरणं वेगळं आणि तिकडे जाणं वेगळं. मला नाही जमणार. तू धीट आहेस."

"मला मुलगी आहे, ताई."

"म्हणून तर तिला मी माझा लळा लावला. तिचे हाल होऊ नयेत म्हणून."

ती हे अगदी मनापासून म्हणाली. मला वाटलं, हिनं निदान एकदा तरी खोटं बोलायला हवं होतं. नवरा दारात उभा होता. तो म्हणाला, "आम्हाला वाटलं, तू निभावून नेशील."

"आम्हाला?"

तो दाराची कडी चाळवू लागला. ताईचा राग आला होता, पण या एका शब्दानं मी पार मोडले. मला भिजलेले बूट, वाळूची पिशवी, ती मिठी, सगळं आठवलं आणि शिसारी आली. माझ्यावर माया केली गेली ती मला पाठवता यावं म्हणून, आणि हा बाजूला बसून बघत होता.

कॅप्टनकडे गेले. ते म्हणाले, दोघी मिळून आलात तर अदलाबदल करता येईल. ताईला विचारलं. तिनं नकारार्थी मान हलवली.

"ठीक आहे," मी म्हटलं. "पण माझी मुलगी या घरात राहणार नाही."

तिचे कपडे भरले आणि तिला घेऊन मी माहेरी वडिलांकडे गेले. निघायला आठवडाही उरला नव्हता. नवरा बसथांब्यापर्यंत मागे आला. वडिलांनी नातीसाठी खोली झाडून ठेवली होती, शेजारणीकडून पाळणाही आणून ठेवला होता. पण पोरगी दाराकडे तोंड करून बसली. वडिलांनी भरवलं तर थुंकली, मी भरवलं तर वाटी उडवली. "आत्तू" एवढा एकच शब्द तिच्या तोंडी. रडून रडून तिला ताप भरला. वडील म्हणाले, "बाळा, तू गेल्यावर मी एकटा हिला कसा सांभाळू?"

मी रात्रभर तिच्या उशाशी बसले आणि सकाळी तिला घेऊन परतीची बस पकडली.

ताईनंच दार उघडलं. तिला बघताच मुलगी माझ्या कडेवरून पुढे झेपावली. मी क्षणभर घट्ट धरून ठेवलं, मग सोडलं. ताईच्या खांद्यावर डोकं टेकताच पोरीचं रडणं थांबलं.

"ताप आहे," मी म्हटलं. "औषध गोड लागत नाही म्हणून थुंकते. आणि रात्री दिवा चालू ठेवा. अंधाराला भिते."

"माहीत आहे मला," ताई म्हणाली.