दुसरी बघ

खत पांगवणं हे काही काम आहे का, असं ज्याला वाटतं त्यानं एकदा आमच्या आक्काला खत पांगवताना बघायला हवं होतं. गाडीवाला रानात पावलं मोजून खताचे ढीग टाकून जायचा. आक्का ढिगातून पाटी भरायची, कमरेवर घ्यायची आणि चालता चालता अशी फेकत जायची की मागं वळून बघावं तर कुठं गोळा नाही, कुठं उघडी माती नाही. आम्ही बाकीच्या बाया पांगवायचो ते कोंबड्यांनी उकरल्यागत दिसायचं.

आक्का म्हणजे माझी थोरली जाऊ, इरम्मा. बेंबळीपासून दोन कोसांवर आमचं रान. गोठ्यात बावीस गाई आणि सात म्हशी. दुधाचा खवा तुळजापूरच्या पेढेवाल्यांकडं जायचा आणि शेण उकिरड्यावर. एवढ्या जनावरांचं खत पावसाच्या आत रानात पडलंच पाहिजे, नाहीतर वर्षभराची मेहनत पाण्यात.

आपला जिल्हा छप्पन साली मुंबई राज्यात गेला, त्याच्या पुढच्या वर्षाची ही गोष्ट. संक्रांतीनंतर एका म्हशीनं दाव्याला हिसका दिला आणि आक्काचा उजवा हात कोपरात मोडला. हाडवैद्यानं बसवला, पण वाकडा बसवला. पाटी उचलायची म्हटलं की ती ओठ चावायची. भाकरी थापायची डाव्या हातानं. कुणी बघितलं की उजवा हात पदराखाली घ्यायची.

आणि हात मोडायच्या आधीपासून तिचं एक दुखणं होतंच. लग्नाला चौदा वर्षं झाली होती आणि पाळणा हलला नव्हता. आमची आतेसासू रुद्रम्मा सणाला यायची, जेवून हात धुतला की हटकून म्हणायची, "बारा वर्सानं उकिरड्याचंबी पांग फिटत्यात म्हनं. हितलं कधी फिटायचं?" मला वाटायचं, म्हातारीच्या तोंडावर तांब्या फेकावा. माझी दोन पोरं आक्काच्याच अंगाखांद्यावर वाढत होती, पण ती रुद्रम्माच्या हिशेबात नव्हती. भावजी, म्हणजे आक्काचे मालक हणमंतप्पा, मात्र या गोष्टीवर एका शब्दानं कधी बोलले नाहीत. चौदा वर्षं ती त्या न बोललेल्या शब्दाला भीत राहिली.

मग चैत्रात एक दिवस भावजी जेवता जेवता म्हणाले, "इरम्मा, तुज्या हातानं आता व्हायचं न्हाय. दुसरी बघाय पायजे. तूच बघ, तुज्या पसंतीची. म्या बैल घिऊन येस्तवर नक्की करून ठिव."

एवढं बोलून ते हात धुवून उठले आणि परंड्याच्या बाजूला बैलजोडी बघायला गेले. आठ दिवस येणार नव्हते.

आक्का ताटापुढं तशीच बसली. मी विचारलं, "काय झालं?"

"ऐकलं न्हाईस का? दुसरी बघ म्हनले."

मीही तेच ऐकलं होतं, आणि मलाही तोच अर्थ लागला. तुम्हीच सांगा, पोर नसलेल्या बाईला नवरा म्हणाला, दुसरी बघ, तर आमच्याकडं दुसरा अर्थ कोण काढील? दोन बायकांच्या विरुद्ध कायदा झाला होता म्हणे. झाला असेल. तो तालुक्यापर्यंत आला होता, आमच्या गावाला यायला त्याला मोटार नव्हती.

त्या रात्री आक्का रडली नाही. मीच रडले. सकाळी ती म्हणाली, "गौरा, त्येंनी रुद्रम्माला सांगितलं असतं तर तिनं कुनीबी आनली असती. मला सांगितलं, ह्यो त्येंचा मोठेपना. म्याच बघते. मला हाकलून देनार न्हाय अशी बघते."

तीन गावं आम्ही दोघी पायी फिरलो. आक्का पोरींची तोंडं बघत नव्हती, हात बघत होती. एका घरी पोरगी गोरीपान, पण आईला तोडून बोलली. आक्का पाण्याचा घोटही न घेता उठली. शेवटी कल्याणप्पाच्या घरी नीलव्वा सापडली. गरिबाचं घर, पाठीवर चार बहिणी, वय वीसच्या आतबाहेर. आक्का तिला तिच्या बापाच्या रानात घेऊन गेली आणि म्हणाली, "एक पाटी पांगवून दाव."

पोरगी लाजली, पण तिनं पाटी भरली आणि पांगवली. आक्का त्या पट्ट्यावरून इकडून तिकडं चालत गेली. मला म्हणाली, "सारखं पडलंय बघ. घाई न्हाय, कंटाळा न्हाय. असली बाई कुनाच्या ताटातलं वढून घ्यायची न्हाय."

स्वतःची सवत अशी पारखून घेणारी बाई मी दुसरी पाहिली नाही. मला तिचा राग आला. दुसऱ्या दिवशी जंगमाला, म्हणजे आम्हा लिंगायतांच्या पुरोहिताला, बोलावून सुपारी फोडली. नीलव्वाला कुंकू आक्कानंच लावलं, डाव्या हातानं, म्हणून ते जरा तिरपं लागलं.

भावजी आठव्या दिवशी आले. नवी जोडी दारात बांधली, पाय धुतले. आक्कानं पाणी दिलं आणि खाली बघून सांगितलं, "दुसरी बघितली. कल्याणप्पाची नीलव्वा. सुपारी फोडून आलो."

"कसली सुपारी?"

"तुमीच म्हनलात न्हवं, दुसरी बघ."

भावजींनी आधी तिच्याकडं बघितलं, मग दाराआड उभ्या असलेल्या माझ्याकडं, आणि खो खो हसत सुटले. "अगं येडे! म्या खत पांगवायला बाई बघ म्हनलो! रोजानं! महिन्याभराचं काम!"

आक्काला आधी कळेचना. मग कळलं आणि ती हसायला लागली, हसता हसता रडायला लागली. आठ दिवसांचं सगळं एकदम बाहेर पडलं. "खताला व्हय? खताला?" एवढंच ती परत परत म्हणत होती. मीही तोंडात पदर कोंबून हसत होते. चौदा वर्षांत आक्काला इतकं मोकळं मी बघितलं नव्हतं. चौदा वर्षं ज्याची भीती बाळगली, ते त्या माणसाच्या मनातच नव्हतं!

हसणं ओसरलं. भावजींनी पान काढलं, चुना लावला. मग विचारलं, "पोरगी केवडी हाय?"

"विसाच्या आत-भाईर," आक्का डोळे पुसत म्हणाली. अजून तिच्या तोंडावर हसू होतं.

"सुपारीला जंगम हुता?"

"व्हय."

"गावातली मानसं?"

"पाच-सात हुती."

भावजी पान चावत राहिले. म्हणाले, "मग शब्द दिऊन बसलो की आपन."

आक्काचं हसू तिथंच थांबलं. भावजींशी मी कधी समोर येऊन बोलले नव्हते, पण त्या दिवशी दाराबाहेर आले. "भावजी, चुकून झालं म्हनून सांगता येतंय. आक्काच्या वतीनं म्या जाऊन सांगते."

"सुपारी मोडलेली पोरगी कोन करून घेतो? गरिबाची लेक हाय," भावजी म्हणाले. ते खरंच होतं. पण मी त्यांच्या तोंडाकडं बघत होते. गरिबाच्या लेकीची काळजी करणाऱ्या माणसाचं तोंड तसं नसतं. बाजारात जनावर बघायला गेलेल्या माणसाला अचानक स्वस्तात सौदा मिळावा, तसं ते तोंड होतं.

आक्कानंही ते बघितलं. ती त्यांच्यासमोर उभी राहिली.

"लगीन करावं लागंल तर लागंल. चूक माजी हाय, म्या निस्तरते. पर तुमी येकदा सांगा, तुमच्या मनात न्हाय म्हनून. येकदाच."

तिला फक्त एवढंच ऐकायचं होतं. लग्न टळलं नसतं तरी त्या एका शब्दावर तिनं उरलेला जन्म काढला असता, हे मी शपथेवर सांगते. खोटं बोलले असते तरी चाललं असतं.

भावजींनी अंगणात पानाची पिंक टाकली. "बैलांना पानी दावलं का?" त्यांनी विचारलं.

आक्कानं बादली उचलली. मी धावत जाऊन बादली धरली तर तिनं सोडली नाही.

"ऱ्हाऊ दे, गौरा," ती म्हणाली. "ती येस्तवर हे घर माजंच हाय."