खोक्यावरचे नाव

मी एक जुने नेटवर्क कार्ड आहे. सध्या दवाखान्याच्या एका खणात पडलो आहे आणि माझ्या शेजारी कुणीतरी दातांनी कुरतडलेली नखे टाकली आहेत. शी! पण मित्रांनो, माणसांची किळस मला आजची नाही.

माझा जन्म झाला त्या कारखान्यात हवासुद्धा गाळून यायची. तिथून मी आलो तो थेट या दवाखान्यातल्या एक्स-रेच्या कॉम्प्युटरपाशी. त्याला बाहेरच्या जगाशी जोडायचे, एवढेच माझे काम. झाकण उघडले आणि मला शिसारीच आली. धुळीचे थर, केसांची गुंतवळ, वर एक मेलेले झुरळ!

त्या कॉम्प्युटरची ऑपरेटिंग सिस्टीम फार जुनी. एक्स-रेचे यंत्र दुसऱ्या कुठल्या सिस्टीमवर चालेना, म्हणून तिला कुणी हात लावत नसे. तिने मला ओळखलेच नाही. पडद्यावर पिवळे प्रश्नचिन्ह उमटले.

शेजारच्या खोलीत उघड्या दारापाशी एक आई बाळाला मांडीवर घेऊन बसली होती, सोबत बाळाची आजी होती. बाळाच्या नाकाला ऑक्सिजनची नळी होती, छातीत घरघर. बाळाला लांबच्या मोठ्या इस्पितळात हलवायचे की इथेच ठेवायचे, हे तिथले डॉक्टर एक्स-रे पाहूनच सांगणार होते. एक्स-रेचे यंत्र चित्र फक्त तारेतून पाठवायचे, आणि मोबाइलने पडद्याचा फोटो काढला तर नुसत्या रेघा यायच्या.

मला बसवायला आलेल्या दुरुस्तीवाल्याने माझ्या खोक्यावरचे नाव वाचून माझा ड्रायव्हर, म्हणजे माझी ओळख करून देणारा प्रोग्राम, पेनड्राइव्हवर आणला. प्रश्नचिन्ह हलेना. मग त्याने मला उपटले, माझ्या सोनेरी पट्टीला थुंकी लावली, शर्टाच्या टोकाने पुसले आणि पुन्हा खुपसले. थुंकी, मित्रांनो!

"मालच भिकार," तो म्हणाला.

"दोन थापडा द्या त्याला," बाळाची आजी म्हणाली. "आमचा रेडिओ असाच ताळ्यावर यायचा."

त्याने खरोखरच दिल्या.

"अहो दादा," बाळाची आई दारातून म्हणाली, "मघापासून खोकंच वाचताय तुम्ही. त्याच्या अंगावर काय लिहिलंय? मी बाळाचं औषध खोकं बघून देत नाही, बाटली वाचते."

"वहिनी, खोक्यात तेच असणार ना!" असे पुटपुटत त्याने विजेरी धरली. माझ्या काळ्या चिपवरचा बारीक आकडा वेगळाच होता. कंपनीने आतला भाग बदलला होता आणि खोके तेच ठेवले होते.

"अरेच्चा! आत भलतंच पाखरू निघालं."

त्याने त्या आकड्याचा ड्रायव्हर पेनड्राइव्हवर आणून घातला आणि माझा हिरवा दिवा लागला. एक्स-रेचे चित्र मोठ्या इस्पितळात पोचले. थोड्याच वेळात आमच्या दवाखान्याच्या डॉक्टरबाई फोन कानाला लावूनच धावत आल्या. "हलवायचं नाही म्हणतायत. औषध इथेच सुरू करू."

आईने बाळाच्या टाळूवर गाल टेकला. मला कुणी पुसलेसुद्धा नाही. पुढे बरीच वर्षे मी त्याच घाणीत इमानाने राबलो. मग नवा कॉम्प्युटर आला आणि माझी रवानगी खणात झाली.

मित्रांनो, एखादी वस्तू चालेना, तर तिला भिकार म्हणण्याआधी नीट उलटून पाहा. मी त्या दिवशी धडधाकट होतो. मला वाचायला मात्र कुणी तयार नव्हते, आणि तेवढा वेळ पलीकडे एक बाळ श्वासासाठी झटत होते.