चिवड्याची खाज

तृप्तीच्या बाबांचा, म्हणजे लीलाधर बाबूंचा, हुकूम निघाला तो जेवणाच्या ताटावरूनच. "रविवारी ह्या उंदराले सिहोऱ्याले नेऊन सोडतो. राहू दे विनोदच्या घरी."

तृप्तीचा घास हातातच राहिला. एकतर चिवडा उंदीर नव्हता, गिनीपिग होता. पांढरा, काळा, तपकिरी असा मिसळलेला, म्हणून तर चिवडा. आणि विनोदकाकाकडे धानाच्या कोठीवर दोन मांजरी होत्या. त्या काही दोस्तीसाठी बसल्या नव्हत्या.

पण चिवड्याच्या कानामागे रुपयाएवढं गोल टक्कल पडलं होतं. वर पांढरा कोंडा, आणि दिवसभर खरखर खाजवणं. आईनं कडुलिंबाचा पाला उकळून लावला. जवाहरनगरच्या फॅक्टरी क्वार्टरांमध्ये सल्ला न देणारं घर उरलं नव्हतं.

"घरात लेकरंबाळं आहेत," बाबा म्हणाले. लेकरू एकच, आणि तेही नववीत. "अशी बिमारी आपल्या घरात नाही चालत. मी तर त्याले हातबी लावत नाही."

"डॉक्टरले दाखवल्याशिवाय चिवडा कुठंच जाणार नाही," तृप्ती म्हणाली. स्नेहसंमेलनात माईक बंद पडला तरी तिनं भाषण पुरं केलं होतं; तेव्हापासून ती कोणाला भीत नव्हती. "डॉक्टरनं घालवा म्हटलं, तर मीच पिशवीत भरून देते."

शनिवारी तिघंही भंडाऱ्याला, जनावरांच्या डॉक्टर रिता मॅडमकडे. मॅडमनी कोंडा खरवडून भिंगाखाली पाहिला.

"बुरशी आहे. आपल्याले गजकर्ण होते न, तेच. औषधानं बरं होईल."

"म्हणजे आमच्यावर येईल न मॅडम?" बाबांचा चेहरा खटला जिंकल्यासारखा.

"येते. अन् माणसाकडून ह्याच्यावरबी जाते. जवळ कोण घेते ह्याले?"

"मीच. मले काहीच नाही," म्हणत तृप्तीनं बाह्या वर केल्या.

"आमचा तर काही संबंधच नाही," बाबा बोलले.

तो आवाज ऐकला मात्र, चिवडा "व्हीक व्हीक" शिटी मारत टेबलावरून तुरुतुरु धावला आणि बाबांच्या गळ्यातून लोंबणाऱ्या दुपट्ट्यात शिरून बसला. रोजच्या जागी बसावं तसा.

आईनं बाबांकडे पाहिलं. बाबांनी पंख्याकडे.

"दुपारी ड्यूटीवरून येतो तेव्हा तुम्ही दोघी घरी नसता... टीव्ही पाहता पाहता... थोडासाच घेतो," बाबा पुटपुटले.

"तुम्हाले खाज आहे का कुठं?" मॅडमनी विचारलं.

बाबांचा हात केव्हापासून कमरेवरच चालला होता. "ते घामोळं आहे, मॅडम. पावसाळ्यापासून."

चिवडा घरी आला होता दिवाळीत.

"काहो," आई हळूच म्हणाली, "मग उद्या सिहोऱ्याले कोणाले सोडाचं?"

कोणीच गेलं नाही. दोघांना दोन डॉक्टर, दोन मलमं. दुपट्टे उकळत्या पाण्यात गेले. बरं होईस्तोवर एकमेकांना शिवायचं नाही, असं मॅडमनी बजावलं होतं.

आता फॅक्टरीची बस थांबली की चिवडा पिंजऱ्याच्या जाळीला पुढचे पाय टेकवून शिट्ट्या मारतो. बाबा कोथिंबिरीची जुडी घेऊन लांब खुर्चीत बसून तिकडेच पाहत राहतात.

"तृप्ते, सांबाराची एक काडी मी देऊ का त्याले? लांबूनच?"

"नाही, बाबा," तृप्ती पिंजरा आपल्याकडे ओढत म्हणते. "अशी बिमारी आपल्या घरात नाही चालत."